सिंहांच्या वरचं चक्र

भारताची राजमुद्रा सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावरून घेतली आहे. त्या मूळ शिल्पात सिंह सगळ्यात वर नव्हते. त्यांच्या पाठी जिथे एकमेकींना भिडतात तिथे मधोमध एक खोबण आहे. त्या खोबणीत दांडा बसवून सिंहांच्या डोक्यांच्याही वर एक मोठं दगडी चक्र उभं केलेलं होतं. उत्खननात त्याचे तुकडेच हाती लागले. त्या तुकड्यांवरून अभ्यासकांनी चक्राला ३२ आरे असल्याचं मांडलं, आणि बौद्ध परंपरेत महापुरुषाची लक्षणंही ३२ मानतात. अशोकाच्या कारागिरांनी लावलेला क्रम खालून वर असा होता: पाकळ्या खाली वळलेलं कमळ, त्यावर प्राणी कोरलेला गोल फलक, त्यावर चार सिंह, आणि या सर्वांवर धर्मचक्र. २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताकाने जी राजमुद्रा स्वीकारली तिच्यात वरचं चक्र नाही आणि खालचं कमळही नाही. चक्र काळाने नेलं, कमळ मात्र आपण ठरवून काढलं. राजमुद्रेचा अर्थ सांगणारे बहुतेक लेख तिच्यात काय काय आहे याची यादी देऊन थांबतात. तिच्यातून काय गळलं आणि त्या जागी काय आलं, हे मला जास्त बोलकं वाटतं.

आधी स्तंभाविषयी. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या मध्याला, म्हणजे साधारण इ. स. पू. २५० च्या सुमारास, अशोकाने तो उभारला. दगड चुनारचा, मिर्झापूरकडच्या खाणीतला, बारीक कणांचा वालुकाश्म. चुनार गंगेच्या काठावर आणि वाराणसीच्या वरच्या अंगाला आहे, त्यामुळे असला अवजड दगड पाण्यावाटे खाली आणणं सोयीचं. या दगडावर मौर्य कारागिरांनी जी झिलई चढवली ती बावीसशे वर्षांनंतरही हात लावला तर काचेसारखी गुळगुळीत लागते. सातव्या शतकात ह्युएन त्संग इथे आला तेव्हा स्तंभ उभाच होता, आणि त्याच्या चकाकीचं वर्णन त्याने करून ठेवलं आहे. पुढे तो पडला, गाडला गेला. १९०४-०५ च्या हंगामात बांधकाम खात्यातले अभियंते फ्रेडरिक ऑस्कर ओर्टेल यांनी सारनाथला खोदकाम केलं, तेव्हा मुख्य मंदिराच्या पश्चिमेला स्तंभाचा बुंधा जागच्या जागी सापडला आणि जवळच शीर्ष मिळालं. चारपैकी दोन सिंह जवळपास अखंड होते. उरलेल्या दोघांची शिरं निखळली होती, ती पुन्हा बसवली. शीर्षाची उंची दोन मीटरहून थोडी अधिक भरते. १९१० मध्ये तिथेच संग्रहालय झालं आणि शीर्ष त्याच्या प्रवेशदालनात आलं. बुंधा मात्र अजून उत्खननाच्या जागेवरच आहे.

त्या बुंध्यावर अशोकाचा लेख आहे, आणि राजमुद्रेविषयी बोलताना तो सहसा कोणी वाचत नाही. त्यात कलिंग नाही, विजय नाही, अहिंसेवरचं प्रवचनही नाही. ते एक परिपत्रक आहे. संघात कोणीही फूट पाडू नये. जो भिक्षू किंवा भिक्षुणी फूट पाडील त्याला पांढरी वस्त्रं नेसवून विहाराबाहेर राहायला लावावं, असा हुकूम. पुढे अंमलबजावणीचा तपशील: आदेशाची एक प्रत अधिकाऱ्यांजवळ असावी, दुसरी उपासकांजवळ ठेवावी, उपोसथाच्या, म्हणजे संघाच्या व्रताच्या दिवशी उपासकांनी आणि महामात्रांनी, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांनी, हजर राहून आदेशाची उजळणी करावी. याच विषयावरचे अशोकाचे लेख सांचीला आणि मूळच्या कौशांबीच्या स्तंभावरही आहेत. आपल्या राजचिन्हाचे सिंह ज्या खांबावर बसले होते त्या खांबावर फुटीविरुद्धची ताकीद कोरलेली आहे, हे कळल्यावर चिन्हाचा चेहरा थोडा बदलतो. पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा आणि खाली प्रशासकीय मजकूर, हा आजचा नित्याचा देखावा अशोकाला परका वाटला नसता.

आता फलक. सिंहांच्या पायाखालच्या या गोल पट्ट्यावर चार चक्रं आणि चार प्राणी उठावात कोरले आहेत: हत्ती, बैल, घोडा आणि सिंह. प्रत्येक मोठ्या सिंहाच्या बरोबर खाली एक चक्र येतं आणि दोन चक्रांच्या मध्ये एक प्राणी. प्रत्येक चक्राला २४ आरे. हत्ती, बैल आणि सिंह चालताहेत, घोडा दौडतो आहे, आणि सगळे एकाच दिशेने, प्रदक्षिणेच्या दिशेने, एकामागोमाग निघाले आहेत. समोरून पाहणाऱ्याला ही वाटचाल उजवीकडून डावीकडे दिसते. म्हणून राजमुद्रेत उजवीकडचा बैल चक्राकडे तोंड करून येतो आणि डावीकडचा घोडा चक्राकडे पाठ करून पुढे निघालेला असतो. खरी राजमुद्रा आणि घाईत काढलेली नक्कल यांतला फरक इथे लगेच पकडता येतो. नक्कल करणारा बहुधा समतोल साधायला जातो आणि दोन्ही प्राण्यांना चक्राकडे तोंड करून उभं करतो. तसं केलं की मिरवणूक थांबते आणि दोन प्राणी चक्राची राखण करत बसतात.

या चार प्राण्यांचा अर्थ काय, यावर विद्वानांत एकमत कधीच नव्हतं. बुद्धचरित्राशी जोडणारे म्हणतात: हत्ती म्हणजे बुद्धमाता मायादेवीचं स्वप्न, बैल म्हणजे जन्मराशी, घोडा म्हणजे गृहत्यागाच्या रात्रीचा कंथक, सिंह म्हणजे खुद्द शाक्यसिंह. दुसरे त्यांना चार दिशांचे प्राणी मानतात आणि बौद्ध कथांतल्या अनवतप्त सरोवरातून चार मुखांनी वाहणाऱ्या नद्यांकडे बोट दाखवतात. कोणी इंद्र, शिव, सूर्य आणि दुर्गा यांची वाहनं पाहिली. आणि हे निव्वळ अलंकरण आहे, असं म्हणणारेही होते. शाळेच्या पुस्तकांत मात्र बैल म्हणजे कष्ट आणि घोडा म्हणजे वेग इतकं सोपं करून ठेवलेलं असतं. मुलांना सांगायला ते ठीक आहे, फक्त अशोकाच्या काळातला अर्थ म्हणून ते सांगू नये. आऱ्यांचंही तसंच. चोवीस आरे म्हणजे चोवीस सद्गुण, अशी क्रमांक घातलेली यादी दर १५ ऑगस्टला मोबाइलवर फिरते. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत राष्ट्रध्वजाचा ठराव झाला. त्यात चक्राचं वर्णन एवढंच आहे की ते सारनाथच्या सिंहशीर्षाच्या फलकावरील चक्राप्रमाणे असेल आणि त्याचा व्यास पांढऱ्या पट्ट्याच्या रुंदीइतका असेल. आरा-आराला अर्थ लावलेला नाही.

ध्वजासाठी निवडलं गेलं ते फलकावरचं २४ आऱ्यांचं चक्र. शिखरावरचं ३२ आऱ्यांचं चक्र तुटलेलंच राहिलं. राजमुद्रा ठरवताना ते नव्याने घडवून सिंहांच्या डोक्यावर बसवता आलं असतं, तुकडे हाताशी होते. तसं केलं नाही, शीर्ष सापडलं त्या अवस्थेतच घेतलं. परिणाम असा की मूळ रचनेत सत्तेच्या वर धर्म होता आणि आज आपण पाहतो ती रचना सिंहांवर संपते. सिंहांची तोंडं उघडी आहेत ती धर्माची घोषणा करण्यासाठी, हा बौद्ध अर्थ वरच्या चक्राशी जोडलेला होता. चक्र गेल्यावर त्याच उघड्या तोंडांत दरारा वाचणं सोपं झालं. घटनाकारांच्या मनात असं काही नव्हतं, पण चित्र आपलं काम करतच राहतं. रिकाम्या झालेल्या या अधिकाराची भरपाई खालच्या ओळीने केली आहे असं मी मानतो. ‘सत्यमेव जयते’ सारनाथच्या दगडावर कुठेही नाही. ते मुंडकोपनिषदातलं आहे, तिसऱ्या मुंडकाच्या पहिल्या खंडातल्या सहाव्या मंत्राचा पहिला तुकडा. पुढचे शब्द ‘नानृतम्’, आणि त्यानंतर सत्यानेच देवयानाचा मार्ग विस्तारला आहे, असं येतं. एका बौद्ध स्तंभाखाली उपनिषदाची ओळ, तीही देवनागरीत, जी लिपी अशोकाच्या काळी जन्मालाही आली नव्हती. ही जोडणी १९५० ची आहे आणि ती उघडपणे जोडणी म्हणूनच वाचावी.

अधिकृत वर्णन थोडक्यात असं: सिंहशीर्षाची दर्शनी आकृती, तीन सिंह दिसणारे, फलकाच्या मध्यभागी धर्मचक्र, उजवीकडे बैल, डावीकडे दौडता घोडा, अगदी दोन्ही टोकांना आणखी दोन चक्रांच्या कडा, घंटेच्या आकाराचं कमळ वगळलेलं, आणि खाली देवनागरीत बोधवाक्य. उजवं-डावं हे पाहणाऱ्याचं. चौथा सिंह मागे आहे, तसंच चौथं चक्र, हत्ती आणि फलकावरचा छोटा सिंहही मागच्या बाजूला. बोधवाक्य हा राजमुद्रेचाच भाग आहे. ते नसेल तर राजमुद्रा अपुरी. तरीही नुसते सिंह छापलेले फलक सरकारी कार्यालयांबाहेरही दिसतात. कारण बहुधा साधं असतं: चित्र इंटरनेटवरून उतरवलं, जागा कमी पडली, खालची ओळ कापली गेली.

राजमुद्रेच्या वापराविषयीच्या २००५ च्या कायद्याच्या परिशिष्टात तिचे दोन नमुने दिले आहेत, आणि छपाईवाल्याने पाहायची पहिली गोष्ट ती. पहिला नमुना सोपा केलेला, लहान आकारासाठी: पत्रांचे कागद, शिक्के, डायची छपाई. दुसरा अधिक बारकाव्यांचा, मोठ्या आकारासाठी. मोठा नमुना छोटा करून रबरी शिक्क्यावर घेतला तर काय होतं, याचा हिशेब सोपा आहे. सेंटिमीटरभर उंचीच्या राजमुद्रेत मधल्या चक्राच्या वाट्याला साधारण एक मिलिमीटर येतो. त्याचा परीघ तीन मिलिमीटरच्या थोडा वर. त्यात २४ आरे आणि तितक्याच फटी बसवायच्या म्हणजे एका आऱ्याला फटीसकट ०.१३ मिलिमीटर, आणि तुंब्याकडे जाताना तेही निमुळतं होत जाणार. रबराला इतकी बारीक रेघ धरत नाही. शाई भरते आणि चक्राचा काळा ठिपका होतो. आयाळीच्या कुरळ्या बटांचं आणि ‘सत्यमेव’तल्या जोडाक्षराचंही तेच. छोट्या कामासाठी वेगळा नमुना ठेवला आहे तो यासाठी. दुसरी चूक उलट्या ठशाची. शिक्क्यावर किंवा डायवर आकृती आरशातल्यासारखी उलटी कोरावी लागते. अक्षरं उलटी करायला कोणी विसरत नाही, कारण चूक लगेच दिसते. पण अक्षरं आणि चित्र वेगवेगळे जुळवले असतील तर चित्र उलटायचं राहून जातं, आणि छापात बैल डावीकडे, घोडा उजवीकडे जातो. मजकूर तपासणाऱ्याच्या नजरेतून ही चूक हमखास सुटते, म्हणून छापाचा पहिला नमुना हाती आला की आधी घोडा कुठे आहे ते पाहावं.

कमळ परत घुसवण्याची हौसही बरीच. संग्रहालयातल्या छायाचित्रावरून चित्र गिरवलं की फलकाखालची घंटाकृती आपोआप येते. दिसायला ती डौलदारच आहे, पण राजमुद्रेत ती नको. सांचीच्या सिंहशीर्षावरून नक्कल केली तर फसगत आणखी मोठी. तिथेही चार सिंह पाठीला पाठ लावून बसले आहेत, पण फलकावर चक्रं आणि चार प्राणी नाहीत, हंस आहेत.

मूळ शीर्षावरून सपाट आकृती कोणी रेखाटली, याच्या श्रेयाचे दोन दावे आहेत. संविधानाची हस्तलिखित प्रत शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या देखरेखीखाली सजवली गेली. त्या चमूतल्या दीनानाथ भार्गव यांनी सिंह रेखाटले आणि त्यासाठी कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन खरे सिंह न्याहाळले, असं त्यांच्याकडून सांगितलं गेलं. दुसरीकडे सनदी अधिकारी बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी सुरैया यांनी चिन्हाचा आराखडा केला, असं त्यांच्या कन्या लैला तय्यबजी यांनी लिहिलं आहे. दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडतातच असं नाही. चिन्हाची निवड, त्याची रेषा आणि संविधानाच्या पानावरचं चित्र ही तीन वेगळी कामं आहेत.

पैशावर सिंह प्रजासत्ताकाच्या आधीच आले. १९४९ मध्ये एक रुपयाची नवी नोट निघाली तेव्हा राजाच्या जागी कोणाला घ्यायचं हा प्रश्न होता. आधी महात्मा गांधींचं चित्र घ्यायचा विचार झाला, तसे नमुनेही तयार झाले, शेवटी सारनाथच्या शीर्षावर एकमत झालं. १५ ऑगस्ट १९५० च्या नाण्यांवर राजाचा मुखवटा जाऊन सिंह आले आणि रुपयाच्या मागच्या बाजूचा वाघ जाऊन कणीस आलं. १९९६ ला गांधी मालिकेच्या नोटा आल्या आणि नोटेवरचे सिंह लहान होऊन कडेला सरकले.

वापराचे नियम कडक आहेत, पण दंडाचा आकडा ऐकून हसू येतं. २००५ चा कायदा आणि २००७ चे नियम, त्यांत २०१० ची दुरुस्ती. परवानगी नसताना राजमुद्रा वापरली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलं तर किमान सहा महिने कैद. धंद्यातल्या लाभासाठी वापरली तर पहिल्या खेपेलाच किमान सहा महिने. राजमुद्रा असलेलं व्यापारचिन्ह नोंदवता येत नाही. देशाबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही हा कायदा लागू आहे, तेव्हा परदेशातल्या मंडळांनी स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर ती टाकण्याआधी थांबावं. आणि नियमांत एक वाक्य असं आहे की ते चौकाचौकांतल्या फलकांखाली डकवायला हवं: माजी मंत्री, माजी खासदार, माजी आमदार, माजी न्यायाधीश आणि निवृत्त अधिकारी यांनाही राजमुद्रा वापरण्याचा अधिकार नाही. ती पदाची आहे, माणसाची नाही. ‘माजी’ शब्दाशेजारी सिंह छापलेलं कार्ड मिळालं तर ते कार्ड नियमाबाहेरचं आहे. भारदस्त नाव घेऊन ओळखपत्रं विकणाऱ्या खासगी संस्था याच सिंहांवर जगतात. त्यांचं गिऱ्हाईक हे नियम वाचत नाही, म्हणूनच त्यांचं चालतं.

महाराष्ट्राची राज्यमुद्रा वेगळी आहे. तिच्यात सिंह नाहीत, दिवा आहे, भोवती कमळं आहेत, आणि शिवरायांच्या मुद्रेचा श्लोक एका बदलासह कोरला आहे. ‘शाहसूनोः शिवस्यैषा’ या शब्दांच्या जागी ‘महाराष्ट्रस्य राज्यस्य’ आलं, बाकी प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगाने वंदिलेली, कल्याणासाठी शोभणारी, हे सगळं तसंच. माझ्या दृष्टीने राज्यचिन्ह घडवण्याचं हे फार नेटकं उदाहरण. राजाचं नाव काढलं, राज्याचं घातलं, आणि मुद्रा कशासाठी आहे ते सांगणारा शब्द हलवला नाही.

२०२२ चा वाद मात्र इथे टाळता येत नाही. नव्या संसद भवनाच्या माथ्यावरचं कांस्य शिल्प ११ जुलै २०२२ रोजी अनावृत झालं: उंची ६.५ मीटर, कांस्य ९,५०० किलो, त्याला आधार द्यायला सुमारे ६,५०० किलो पोलादाचा सांगाडा. शिल्पकारांत सुनील देवरे हे मराठी नाव होतं. मातीचं प्रारूप आणि संगणकावरचा आराखडा इथपासून ओतकाम आणि झिलईपर्यंत काम आठ टप्प्यांतून गेलं. सिंह उग्र झाले, दात जास्त दिसतात, अशी टीका झाली; मूळचेच सिंह खालून आणि मोठ्या आकारात पाहिले तर असेच दिसतील, असं उत्तर आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२२ मध्येच याचिका फेटाळली गेली. कोनाचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या खरा आहे. डोळ्यांच्या पातळीवर वरचा ओठ दातांवर सावली टाकतो. खालून पाहताना ती सावली सुटते, जबडा आणि गळा पुढे येतात, कपाळ आखडतं. पण हे मूर्तिकारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेलं गणित आहे. उंचावर जायची मूर्ती घडवताना डोकं किंचित पुढे झुकवतात, चेहऱ्याचा वरचा भाग थोडा वाढवतात. सारनाथचे सिंह स्तंभावर, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर, खालून पाहण्यासाठीच घडवले होते. तेव्हा कोनाचं कारण मूळ शिल्पालाही लागू होतं, आणि त्यांच्यातला संयम तिथेही टिकला असणार. शिवाय तिथे नजर सिंहांवर थांबत नव्हती, ती वर चक्रापर्यंत जात होती.

खालून पाहिलेला सिंहस्तंभ कसा दिसतो हे अनुभवायला महाराष्ट्रातून सारनाथपर्यंत जायची गरज नाही. लोणावळ्याजवळ कार्ल्याला एकवीरा देवीच्या दर्शनाला जाणारे हजारो लोक त्याच्या शेजारून जातात. चैत्यगृहाकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला उंच खांब आहे, माथ्यावर पाठीला पाठ लावलेले चार सिंह. अशोकानंतर काही शतकांनी, महारठी गोतीपुत्र अग्निमित्रणक याने तो दान दिला, असं खांबावरच कोरलं आहे, आणि त्या लेखात खांबाला सिंहस्तंभच म्हटलं आहे. दगड सह्याद्रीचा काळा, सच्छिद्र, त्यामुळे चुनारची झिलई इथे नाही आणि पावसाने सिंहांचे चेहरे बरेच झिजवले आहेत. तिरप्या उन्हात गेलं तर जबड्यांची घडण त्यातल्या त्यात नीट कळते. दुपारी ऊन थेट माथ्यावर आलं की सगळं सपाट दिसतं. सारनाथला जाणाऱ्यांनी शुक्रवार टाळावा, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं. शीर्षाभोवती फिरताना राजमुद्रेत न दिसणारी मागची बाजू, हत्तीची आणि छोट्या सिंहाची, आधी पाहून घ्यावी. बुंधा आणि त्यावरचा लेख पाहायला रस्ता ओलांडून उत्खननाच्या आवारात जावं लागतं, त्याचं तिकीट वेगळं विचारून घ्यावं.